माध्यमिक शाळेतील व्यवसाय शिक्षण: स्वतंत्र शाखा की सामाईक विषय?

माध्यमिक शाळेत व्यवसाय शिक्षण असावे, या कल्पनेला भारतात गेल्या सुमारे दीडशे वर्षांत जाहीर विरोध फारसा झालेला नाही; आयोग नेमले गेले, अहवाल आले, धोरणे ठरली, आणि प्रत्येक पिढीतील शिक्षणतज्ज्ञांनी हाताच्या कामाचे महत्त्व नव्याने सांगितले. असे असूनही नववी ते बारावीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचा शाळेतील दिवस भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांच्या तासिकांनीच भरलेला असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये बाराव्या पंचवार्षिक योजनेतील (२०१२ ते २०१७) एक अंदाज दिला आहे. त्यानुसार १९ ते २४ वयोगटातील भारतीय श्रमिकांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले होते, तर हेच प्रमाण अमेरिकेत ५२ टक्के, जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. या आकड्यांतील ‘औपचारिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण गवंड्याच्या हाताखाली राबून गवंडी झालेला किंवा गॅरेजमध्ये उमेदवारी करून मेकॅनिक झालेला तरुण या मोजणीत येत नाही. कौशल्य समाजात असते, पण शाळेच्या दप्तरी त्याची नोंद नसते आणि शाळेच्या प्रमाणपत्रात त्याला स्थान नसते, हीच खरी अडचण आहे.

विषयात शिरण्यापूर्वी दोन संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे. ‘पूर्व-व्यावसायिक शिक्षण’ म्हणजे विद्यार्थ्याला निरनिराळ्या कामांची, हत्यारांची आणि पदार्थांची ओळख करून देणारे शिक्षण. त्यातून तो एखाद्या व्यवसायात तयार व्हावा अशी अपेक्षा नसते. ‘व्यवसाय प्रशिक्षण’ म्हणजे ठरावीक काम ठरावीक दर्जाने करता येईल इतकी तयारी, ज्याच्या शेवटी कौशल्याची परीक्षा आणि त्या व्यवसायाचे प्रमाणपत्र असते. पहिल्याची जागा साधारणतः सहावी ते दहावीत आणि दुसऱ्याची अकरावीनंतर असते. या दोहोंची गल्लत झाली की शाळेकडून एकतर अवास्तव अपेक्षा ठेवल्या जातात, किंवा कागदी फुले करून घेतली की व्यवसाय शिक्षण झाले असे समाधान मानले जाते.

शिफारशींचा इतिहास

१८८२ साली हंटर आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचवल्या: एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी आणि दुसरी व्यापारी किंवा व्यावहारिक शिक्षणाची. याच आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि प्रत्यक्ष शिक्षणासाठी शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे, असे मांडले होते. आयोगाची सूचना आणि फुले यांची मागणी यांतला फरक पुढच्या सगळ्या इतिहासात दिसत राहतो. आयोगाने व्यावहारिक शिक्षणासाठी निराळी मुले आणि निराळी वाट कल्पिली. फुले यांच्या योजनेत अक्षरज्ञान आणि शेत एकाच शाळेत, एकाच मुलासाठी होते.

दुसऱ्या विचाराला सर्वांत ठाम रूप १९३७ साली वर्धा येथे मिळाले. महात्मा गांधींच्या पुढाकाराने ऑक्टोबरमध्ये तेथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ‘नई तालीम’ अर्थात मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. सूतकताई, शेती, सुतारकाम यांसारखा एक उद्योग केंद्रस्थानी ठेवून त्याच्या अनुषंगाने गणित, भाषा आणि समाजशास्त्र शिकवायचे, हे त्याचे सूत्र होते. समितीच्या वेळापत्रकात रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे उद्योगासाठी राखलेली होती. ही योजना मुख्यतः प्राथमिक स्तरासाठी होती आणि स्वातंत्र्यानंतर तिचा विस्तार झाला, तरी पालकांच्या आकांक्षा, परीक्षेचे स्वरूप आणि शिक्षकांची तयारी यांच्याशी तिचा मेळ बसला नाही. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजली; तिथे श्रमाचा संबंध प्रामुख्याने शिक्षणाचा खर्च भागवण्याशी आणि स्वावलंबनाशी जोडलेला होता.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. एकाच शाळेत मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट असावेत आणि विद्यार्थ्याने आपल्या कलानुसार निवड करावी, अशी ती कल्पना होती. त्यानंतरच्या कोठारी आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते, सर्व विद्यार्थ्यांसाठी ‘कार्यानुभव’ आणि उच्च माध्यमिक स्तरावर मोठ्या प्रमाणात व्यवसाय शिक्षण अशी दुहेरी योजना मांडली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संज्ञा रूढ केली आणि १९८६च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९०पर्यंत आणि २५ टक्के १९९५पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात कार्यानुभवाचा तास बहुतेक शाळांत श्रेणीपुरता उरला आणि १९८६चे लक्ष्य दूरच राहिले.

दोन अभ्यासक्रम, दोन परिणाम

अपयशाची कारणे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील उच्च माध्यमिक स्तर हे उत्तम उदाहरण आहे, कारण येथे स्वतंत्र शाखा आणि सामाईक विषय या दोन्ही पद्धती एकाच काळात शेजारी शेजारी राबवल्या गेल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’, म्हणजे विद्यार्थी आणि पालक ज्याला ‘एमसीव्हीसी’ म्हणून ओळखतात तो अभ्यासक्रम, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, गृहशास्त्र, मत्स्य आणि पॅरामेडिकल अशा सहा गटांत सुरू झाला. तो कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्या जोडीची चौथी शाखा होती. दुसरी पद्धत ‘द्विलक्ष्यी’ अभ्यासक्रमाची. तीत विद्यार्थी आपल्या मूळ शाखेतच राहतो, परंतु दुसरी भाषा आणि आणखी एक विषय यांच्या जागी संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत देखभाल यांसारखा २०० गुणांचा व्यवसाय विषय घेतो.

एमसीव्हीसीकडे समाज ‘गुण कमी पडलेल्यांची शाखा’ म्हणून पाहत राहिला, तर पुण्या-मुंबईच्या नामवंत कनिष्ठ महाविद्यालयांत द्विलक्ष्यी संगणकशास्त्राच्या जागांसाठी चुरस लागली. अभ्यासक्रमाचा दर्जा हे या फरकाचे पुरेसे स्पष्टीकरण नाही. एमसीव्हीसीत कार्यशाळेचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास कितीतरी अधिक होते. फरक पुढच्या दारांचा होता. द्विलक्ष्यी विद्यार्थ्यासाठी पदवीची, अभियांत्रिकीची आणि इतर सर्व दारे तशीच उघडी राहत. एमसीव्हीसीच्या विद्यार्थ्याला तांत्रिक पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाट पुढे मिळाली तरी विज्ञान शाखेच्या पदवीपासून तो तुटत असे. अर्थात द्विलक्ष्यीच्या लोकप्रियतेत चांगले गुण देणारा विषय मिळण्याचा वाटाही मोठा होता, आणि त्यामुळे तिथले व्यवसाय शिक्षण अनेकदा प्रात्यक्षिक वहीपुरते मर्यादित राहिले, हेही नोंदवले पाहिजे. म्हणजे एका पद्धतीत काम होते पण प्रतिष्ठा नव्हती, तर दुसरीत प्रतिष्ठा होती पण काम पातळ झाले होते. शाळेपुढचा खरा प्रश्न हा आहे की विद्यार्थ्याची पुढची वाट न अडवता कामाचा कस कसा टिकवावा.

प्रतिष्ठेच्या प्रश्नाला भारतात जातीचीही बाजू आहे. ज्या समाजात व्यवसाय जन्माने ठरत आले आणि ज्यांना लेखणी नाकारली गेली त्यांनीच शिक्षणातून त्या व्यवसायांबाहेर पडण्याचा मार्ग शोधला, तिथे ‘अभ्यासात मागे पडलेल्या’ मुलांना हत्यार देण्याची योजना जुन्या उतरंडीची पुनरावृत्ती वाटणे स्वाभाविक आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांची विभागणी करणाऱ्या कोणत्याही योजनेत वंचित कुटुंबांतील मुले एका बाजूला गोळा होण्याचा धोका असतो. काही काम सर्वांनी करायचे आणि सर्व कामे मुलामुलींनी सारखीच करायची, असा नियम असेल तरच हा धोका कमी होतो.

पाबळचा प्रयोग

असा नियम प्रत्यक्षात कसा चालतो, याचे महाराष्ट्रातील सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे घडले. अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि नंतर हिंदुस्थान लिव्हर येथे संशोधन केल्यावर १९८३ साली या दुष्काळप्रवण गावात विज्ञान आश्रमाची स्थापना केली, जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या नावाशी जोडलेली पुण्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही त्याची मातृसंस्था. कलबाग यांची मांडणी अशी होती की माणूस हात, डोळे आणि बुद्धी एकत्र वापरून काम करताना नैसर्गिकरीत्या शिकतो, आणि शाळेने ही नैसर्गिक पद्धत बाजूला सारल्यामुळे विज्ञान पाठांतराचा विषय बनले आहे. व्यवसाय हे त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचे अंतिम उद्दिष्ट नव्हते, तर सर्वांगीण शिक्षणाचे माध्यम होते.

या विचारातून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम तयार झाला, जो शाळांमध्ये ‘आयबीटी’ या नावाने परिचित आहे आणि ज्याला राज्य मंडळाने पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. त्याचे चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ज्यात वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम आणि मोजमाप येते, ऊर्जा व पर्यावरण, ज्यात घरगुती वायरिंग, पंप, सौरऊर्जा आणि सर्वेक्षण येते, शेती व पशुपालन, ज्यात माती परीक्षण, रोपवाटिका आणि जनावरांचा आहार येतो, आणि गृह व आरोग्य, ज्यात अन्नप्रक्रिया, शिवण, आहारशास्त्र आणि साध्या आरोग्य चाचण्या येतात. प्रत्येक विद्यार्थ्याने चारही विभागांत काम करायचे असते, त्यामुळे मुली वेल्डिंग करतात आणि मुले चिक्की व लोणची बनवतात. एका व्यवसायाचा शिक्का कोणावरच बसत नाही.

या अभ्यासक्रमाची दोन वैशिष्ट्ये शाळा-नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे आठवड्यातील एक संपूर्ण दिवस त्यासाठी राखलेला असतो. दुसरे म्हणजे शिकण्यासाठी केलेले काम शक्यतो कोणाच्या तरी खऱ्या गरजेचे असते: शाळेचा मोडका बाक दुरुस्त करणे, ग्रामपंचायतीसाठी फाटक तयार करणे, शेतकऱ्याच्या मातीची चाचणी करून देणे किंवा गावकऱ्यांचा रक्तगट तपासणे. सरावासाठी जोडलेले दोन लोखंडी तुकडे भंगारात जातात. फाटकाचा सांधा मात्र सुटला तर गावाला दिसतो. खऱ्या कामामुळे दर्जाची कसोटी शिक्षकाच्या शेऱ्याबाहेर जाते, आणि साहित्याच्या खर्चाचा काही भाग सेवाशुल्कातून भरून निघतो.

कामातले गणित, कामातले विज्ञान

व्यवसाय शिक्षणामुळे अभ्यासाचे तास कमी होतात, हा पालकांचा नेहमीचा आक्षेप आहे. कार्यशाळेतले काम आणि वर्गातला पाठ यांचा संबंध शिक्षकांनी जाणीवपूर्वक जोडला नाही तर तो खराही ठरतो. हा संबंध म्हणजे नेमके काय, ते काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

शाळेच्या आवारात ३ मीटर लांब, २ मीटर उंच आणि २० सेंटिमीटर जाडीची भिंत बांधायची आहे असे समजू. तिचे घनफळ १.२ घनमीटर येते. मानक आकाराची वीट सांध्यातील मसाल्यासह २० × १० × १० सेंटिमीटर जागा व्यापते, म्हणजे एका घनमीटरला ५०० विटा लागतात आणि या भिंतीसाठी ६००. त्यात फुटतूट धरून किती विटा मागवाव्यात, सिमेंट-वाळूचे प्रमाण बदलल्यास खर्च किती फिरेल आणि मजुरीसह अंदाजपत्रक किती होईल, हे सर्व आठवीच्या घनफळ, गुणोत्तर आणि शेकडेवारी या पाठांचेच प्रश्न आहेत. ओळंबा लावून भिंत उभी सरळ ठेवताना गुरुत्वाकर्षणाची दिशा, आणि गुण्याने कोपरा तपासताना पायथागोरसचा सिद्धांत वापरला जातो. ३, ४ आणि ५ फुटांची दोरी ताणून काटकोन काढणाऱ्या गवंड्याला त्या सिद्धांताचे नाव ठाऊक नसले तरी व्यवहार ठाऊक असतो.

विजेचे उदाहरण अधिक बोलके आहे. १,५०० वॅटचा पाणी तापवण्याचा हीटर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालवला तर शक्तीला विभवांतराने भागून विद्युतप्रवाह सुमारे ६.५ अँपिअर मिळतो. घरातील लहान पिनचे सॉकेट ६ अँपिअरसाठी बनवलेले असते, म्हणून हीटरला मोठ्या पिनचे १६ अँपिअरचे सॉकेट आणि त्याला साजेशी जाड तार लागते. पाठ्यपुस्तकातील सूत्र इथे सुरक्षिततेचा निर्णय बनते, आणि लहान सॉकेट का वितळते याचे स्पष्टीकरण विद्यार्थी स्वतः देऊ शकतो.

पशुपालनात मिश्रणाचे गणित येते. ९ टक्के प्रथिने असलेला मका आणि ४५ टक्के प्रथिने असलेली शेंगदाणा पेंड मिसळून १६ टक्के प्रथिनांचे खाद्य तयार करायचे असेल, तर चौकोन पद्धतीने मक्याचे भाग ४५ मधून १६ वजा करून २९ आणि पेंडीचे भाग १६ मधून ९ वजा करून ७ येतात. म्हणजे १०० किलो खाद्यात मका सुमारे ८०.५ किलो आणि पेंड सुमारे १९.५ किलो लागते. हेच उत्तर दोन चलांच्या समीकरणांतूनही काढता येते, आणि दोन्ही पद्धतींनी उत्तर सारखे का येते हे वर्गात तपासणे हा बीजगणिताचा चांगला पाठ ठरतो. अशी जोडणी होण्यासाठी कार्यशाळेचा निदेशक आणि गणित-विज्ञानाचे शिक्षक यांनी वर्षारंभी एकत्र बसून घटकांचा क्रम जुळवणे आवश्यक असते. अन्यथा वायरिंग जूनमध्ये आणि विद्युतधारेचा पाठ जानेवारीत येतो.

वेळापत्रक आणि तुकड्या

व्यवसाय विषयांची योजना अनेकदा वेळापत्रकात अडकते. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत हत्यारे काढणे, काम समजावणे आणि शेवटी आवरून मोजून ठेवणे यांतच निम्मा वेळ जातो. म्हणून सलग दोन-तीन तासिकांचा गट किंवा आठवड्यातील एक पूर्ण दिवस, एवढेच व्यवहार्य पर्याय उरतात. पूर्ण दिवसाची पद्धत ग्रामीण शाळांना सोयीची पडते, कारण गावातील कामावर जाऊन येता येते. शहरातील दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना गट-तासिका जमतात.

दुसरी अडचण संख्येची आहे. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग एका वेळी कार्यशाळेत उभा राहिला तर काम चारजण करतात आणि उरलेले पाहतात. साठांचे वीस-वीसचे तीन गट करून ते विभागांत आळीपाळीने फिरवल्यास हत्यारांचे तीन संच घेण्याची गरज उरत नाही आणि प्रत्येकाच्या हातून काम होते. त्यासाठी मात्र एका वेळी तीन ठिकाणी मार्गदर्शक हवेत, किंवा एक गट कार्यशाळेत असताना उरलेल्या गटांना नेहमीच्या शिक्षकांनी चित्रकला, अंदाजपत्रक किंवा नोंदवही यांचे काम द्यावे लागते.

हे तास कोठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तर विषययोजनेत असते. महाराष्ट्रातील तांत्रिक विद्यालयांत एका भाषा विषयाऐवजी तांत्रिक विषय घेण्याची प्रथा जुनी आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीत कौशल्य विषय सहावा म्हणून ठेवला असून, विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एका विषयात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत उत्तीर्ण कौशल्य विषय त्या जागी धरता येतो. या तरतुदीने विषयाची निवड वाढते, पण नापास होण्याची भीती हेच निवडीचे कारण ठरले तर व्यवसाय विषयावर पुन्हा दुय्यमपणाचा शिक्का बसतो. भाषेच्या जागी व्यवसाय विषय ठेवण्यालाही किंमत असते, आणि ती कोणती भाषा आहे यावर ती किंमत अवलंबून राहते. हा निर्णय शाळेने पालकांसमोर उघडपणे मांडला पाहिजे.

राष्ट्रीय आराखडा आणि आजची चौकट

केंद्र सरकारने २७ डिसेंबर २०१३ रोजी ‘राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा’ अधिसूचित केला. अर्हता म्हणजे एखाद्या व्यक्तीला काय येते याची मान्यताप्राप्त नोंद. या आराखड्याने अशा नोंदींना मूळ रचनेत एक ते दहा असे स्तर दिले आणि शालेय शिक्षणात नववी ते बारावीला अनुक्रमे पहिला ते चौथा स्तर जोडला. यामागचा हेतू असा की बारावीला चौथा स्तर गाठलेला विद्यार्थी पुढे काही वर्षे काम करून परतला, तरी त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागू नये. यापूर्वी २०१२ साली हरियाणातील ४० शाळांत याचा पथदर्शी प्रयोग झाला होता. महाराष्ट्रातही आता निवडक माध्यमिक शाळांत ऑटोमोटिव्ह, रिटेल, सौंदर्य व निरामयता, आरोग्यसेवा, कृषी, इलेक्ट्रॉनिक्स असे विषय नववीपासून घेता येतात, आणि पाबळच्या अभ्यासक्रमाचा वारसा ‘मल्टी स्किल’ या विषयात पुढे आला आहे.

विषयाचे अध्ययन वर्षाला सुमारे दोनशे तासांचे असते. त्यात विशिष्ट कामाचे कौशल्य आणि संवाद, संगणक, स्वव्यवस्थापन व उद्योजकता यांसारखी ‘रोजगारक्षमता कौशल्ये’ असे दोन भाग येतात. प्रत्येक विषय एका ‘कार्यभूमिके’शी, म्हणजे उद्योगातील प्रत्यक्ष पदाशी, बांधलेला असतो. या बांधणीमुळे अभ्यासक्रम नेमका होतो, पण चौदा वर्षांच्या मुलासाठी तो अरुंदही होऊ शकतो. २०२३च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने याचा विचार करून कामाचे तीन व्यापक प्रकार मांडले आहेत: सजीवांशी संबंधित काम, यंत्रे व साहित्य यांच्याशी संबंधित काम, आणि मानवी सेवांचे काम. सहावी ते आठवीत विद्यार्थ्याने दरवर्षी प्रत्येक प्रकारातील एक प्रकल्प करावा, म्हणजे तीन वर्षांत नऊ, आणि त्यानंतरच निवडीकडे वळावे, अशी ती योजना आहे. पाबळच्या चार विभागांशी तिचे साम्य उघड दिसते. २०२०च्या धोरणातील दहा ‘दप्तराविना दिवस’ही याच टप्प्यासाठी आहेत, त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काम पाहावे आणि करावे असे अपेक्षित आहे.

शालेय आणि व्यवसाय शिक्षण यांना जोडणारी आणखी एक व्यवस्था म्हणजे २०२३चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा. त्यात वर्षाला १,२०० अध्ययन तासांना ४० श्रेयांक, म्हणजे ३० तासांना एक श्रेयांक, असा हिशेब आहे, आणि तो वर्गातील गणिताला व कार्यशाळेतील वेल्डिंगला सारखाच लागू होतो. एमसीव्हीसीच्या अनुभवातून दिसलेली उणीव कागदावर तरी यामुळे भरून निघते, कारण व्यवसाय विषयातील तास पदवीच्या वाटेवर वाया जात नाहीत. विद्यापीठे आणि प्रवेश नियम हा हिशेब प्रत्यक्षात मान्य करतील तेव्हाच पालकांचा विश्वास बसेल.

शिकवणारे, साहित्य आणि कामाचे ठिकाण

व्यवसाय विषय शिकवणाऱ्याला काम यायला हवे आणि शिकवताही यायला हवे, आणि हे दोन्ही गुण एका व्यक्तीत मिळणे दुर्मीळ असते. बीएड झालेल्या शिक्षकाला लेथ चालवता येत नाही, तर उत्तम वेल्डरला शाळेच्या नियमांनुसार शिक्षक होता येत नाही. पाबळच्या पद्धतीत गावातील कारागीर आणि तेथेच प्रशिक्षण घेतलेले तरुण निदेशक म्हणून आणण्यावर भर राहिला. समग्र शिक्षा योजनेत निदेशक बहुधा बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी तत्त्वावर नेमले जातात. शाळा सुरू होऊन काही आठवडे उलटल्यावर नेमणूक झाली, तर त्या विषयाचे वर्षाचे गणित बिघडते आणि मुख्याध्यापकाला तो तास परत भाषेला द्यावा लागतो. निदेशकाची नेमणूक नियमित शिक्षकाइतकी वेळेवर होणे, ही या विषयाच्या यशाची साधी पण निर्णायक अट आहे.

साहित्याच्या बाबतीत प्रत्येक शाळेला स्वतंत्र कार्यशाळा परवडणार नाही. म्हणून २०२०च्या धोरणाने मध्यवर्ती शाळा आणि तिच्याभोवतीच्या संलग्न शाळा अशी रचना सुचवली आहे. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था तालुक्यांपर्यंत पसरलेल्या असल्यामुळे ही रचना येथे तुलनेने सोपी आहे, परंतु विद्यार्थ्यांची ने-आण, संस्थेतील यंत्रांच्या मोकळ्या वेळा आणि अपघाताची जबाबदारी यांविषयी लेखी व्यवस्था नसेल, तर संलग्नता परिपत्रकातच राहते.

कामाच्या ठिकाणी विद्यार्थी पाठवताना कायद्याचीही मर्यादा आहे. बालमजुरीविषयक कायद्यातील २०१६च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, कुटुंबाला शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्यासारखे मोजके अपवाद वगळता, मनाई आहे आणि १४ ते १८ वयोगटातील किशोरांना धोकादायक व्यवसायांत ठेवता येत नाही. म्हणून कार्यस्थळावरील प्रशिक्षणाचे उद्दिष्ट निरीक्षण, देखरेखीखालील मोजके काम आणि त्याची नोंद एवढेच असावे; दुकानाला फुकट मनुष्यबळ पुरवणे हे शाळेचे काम होऊ नये.

या संदर्भात जर्मनीच्या ‘दुहेरी पद्धती’चे नाव नेहमी घेतले जाते. तिथे १९६९च्या व्यवसाय शिक्षण कायद्याच्या चौकटीत तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त व्यवसायांचे प्रशिक्षण चालते. प्रशिक्षणार्थी आठवड्यातील बहुतेक दिवस कंपनीत, तर एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो आणि कंपनी त्याला वेतन देते. पण ही पद्धत माध्यमिक शाळा संपल्यानंतर सुरू होते, आणि अभ्यासक्रम व परीक्षा ठरवण्यात व्यापार मंडळे व कामगार संघटना यांचा सहभाग असतो. लहान, असंघटित उद्योगांचे प्राबल्य असलेल्या भारतात तसा भार उचलणारी कंपनी बहुतेक तालुक्यांत सापडत नाही, म्हणून येथे शाळेची कार्यशाळा आणि गावातील खरी कामे यांचे महत्त्व अधिक आहे.

मूल्यमापन आणि पुढची वाट

कौशल्याची परीक्षा लेखी उत्तरांवर बेतली की सारी योजना उलटते. केंद्रीय मंडळाच्या नववी-दहावीच्या कौशल्य विषयांत ५० गुण लेखी आणि ५० प्रात्यक्षिकाचे असतात. पण प्रात्यक्षिकाचे गुण सर्वांना सरसकट पूर्ण दिले जाण्याचा धोका तिथेही असतो. त्यावर उपाय म्हणजे केलेल्या वस्तूंची, मोजमापांची आणि खर्चाच्या नोंदींची वर्षभराची संचिका, तसेच शाळेबाहेरील परीक्षकापुढे करून दाखवायचे काम. सहनशीलता मर्यादा, म्हणजे मापात किती फरक चालेल, ही आधी जाहीर केली तर गुण देणे वादातीत होते: दोन मिलिमीटरच्या आत बसलेला सांधा आणि पाच मिलिमीटरने चुकलेला सांधा यांत मतभेदाला जागा राहत नाही.

या सगळ्या अनुभवाचे सार काढायचे तर, अभ्यास आणि व्यवसाय यांची सांगड यशस्वी झाली ती जिथे सर्व मुलांनी सर्व प्रकारचे काम केले, कामाला सलग वेळ मिळाला, त्या कामात गणित-विज्ञानाचे शिक्षक गुंतले आणि व्यवसाय विषय घेतल्याने पुढचे कोणतेही दार बंद झाले नाही. दहावीपर्यंत रुंद ओळख आणि अकरावीनंतर नेमके प्रशिक्षण, ही विभागणी त्यातूनच निघते. एखाद्या शाळेला आज सुरुवात करायची असेल, तर महागड्या यंत्रांच्या खरेदीपूर्वी तिने आठवड्यातील एक दिवस मोकळा करावा, जवळचे दोन-तीन कारागीर आणि विज्ञानाचे शिक्षक एकत्र बसवावेत आणि शाळेच्या स्वतःच्या दुरुस्तीची यादी हाच पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम समजावा. त्या यादीतून जे काम उभे राहील त्यावरूनच पुढे कोणती कार्यशाळा हवी ते ठरवता येईल.